ग्रिमवात्नच्या बर्फावरची वाट

जाळं अडकलं म्हणून कोळ्यांनी बोंब मारली. वर ओढलं, तर जाळ्यात बर्फगाडी. नदीच्या मुखाशी, उथळ कपारीवर रुतून बसलेली. त्यापुढे ग्रिमवात्न सरोवर चारशे मीटर खोल. तिथे गेलेला माणूस परत मिळत नाही.

गाडीवर कोरलेलं नाव फौजदार आस्लाकने वाचलं. गुरांचा डॉक्टर एस्पेन. दोन हिवाळ्यांपूर्वी, महायुद्धात, इथे जर्मनांचं राज्य असताना, तो पलीकडच्या काठावर अडलेल्या गाईसाठी निघाला आणि गायब झाला. जर्मनांना फितूर होऊन पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. त्याची बायको सिग्ने दिसली की लोक थुंकत.

पण जन्म या काठावर काढलेला माणूस मुखाजवळच्या पातळ बर्फावर जाईलच कसा? हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरची वाट सदाहरित झाडांच्या फांद्या रोवून आखलेली असते. वादळात इथला माणूस डोळ्यांपेक्षा फांद्यांवर विश्वास ठेवतो.

फांद्या रोवायचं काम म्हाताऱ्या गुन्नुल्फचं.

"एस्पेन हरवला त्या रात्री बर्फावर गेला होतात, काका?" आस्लाकने विचारलं.

"त्या वादळात? वेड लागलंय का मला? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चुलीपुढून हललो नाही."

दूधवाली बिर्गिट मात्र त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पलीकडे गेली होती.

"वाट सापडली?"

"न सापडायला काय झालं? रात्रभर बर्फ पडलं, तरी फांद्या कशा हिरव्यागार! काकांचं काम ते."

"सिग्नेबाईंकडे कोणी जातं?"

"कोण मरायला जातंय? काकाच तेवढे सरपण टाकून येतात. मोठ्या मनाचा माणूस."

संध्याकाळी आस्लाक गुन्नुल्फला घेऊन सिग्नेच्या स्वयंपाकघरात बसला. तिने कॉफी ओतली, पण कोणी कपाला हात लावला नाही.

"रात्रभर बर्फ पडलं, तर फांद्या पांढऱ्या हव्यात," आस्लाक म्हणाला. "त्या हिरव्या होत्या, कारण पहाटे पुन्हा रोवल्या होत्या. रात्री तुम्हीच त्या उपटून मुखाकडे लावल्यात, काका. आणि सगळं गाव थुंकत असताना सरपण आणून टाकलंत तेही तुम्हीच. कोणासाठी होता तो सापळा?"

"जर्मन गस्तीसाठी," म्हातारा म्हणाला. "गस्त आलीच नाही. पहाटे भगदाड दिसलं, शेजारी एस्पेनची टोपी. बोललो असतो, तर जर्मनांनी गाव जाळलं असतं."

"जर्मन जाऊन वर्ष झालं," आस्लाक म्हणाला.

गुन्नुल्फ सिग्नेकडे बघेना.

"शत्रूसाठी लावलेला सापळा. कायदा तुम्हाला हात लावणार नाही," आस्लाक म्हणाला. बोलताना त्याचीच त्याला लाज वाटली.

"मला शिक्षा नकोच आहे," सिग्ने म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगा, माझा नवरा फितूर नव्हता. एवढंच."

म्हातारा उठून उभा राहिला. "साहेब, फासावर चढवा मला. पण चारचौघांत ते नको. नातवंडं आहेत मला."

"मग मी सांगतो," आस्लाक म्हणाला.

"तुम्ही बाहेरगावचे," सिग्ने म्हणाली. "आणि मी फितुराची बायको. लोक म्हणतील, पळतानाच बुडाला."

गुन्नुल्फने दार उघडलं आणि तो निघून गेला. त्याला अडवायला फौजदाराकडे एकही कलम नव्हतं.