‘तू’ म्हणायची तालीम

बडनेऱ्याच्या फलाटावर अमरावतीची शटल सुटायच्या तयारीत उभी होती, आणि खिडकीपाशी बसलेली सत्यवती गाल टम्म फुगवून एका वीतभर काळ्या नळीत जीव खाऊन फुंकत होती. नळीतून येत होतं ते फक्त... फुस्स!

"चूल पेटून नाई राहिली वाटते?"

तिनं दचकून मान वर केली. समोरच्या बाकावर एक तरुण येऊन बसला होता. पांढरा सदरा, विस्कटलेले केस आणि डोळ्यांत असं काही हसू, की पाहणाऱ्याला राग यावा... आणि दुसऱ्यांदा पाहावंसंही वाटावं.

"तुमाले काय करायचं?" सत्यवती तडकली.

"मले काई नाई. पन तो पिकोलो हाये बाई, बँडातली बारकी बासरी, फुकनी नाई. तुमी त्याच्या आत फुकून राहिल्या. हवा भोकाच्या काठावरून गेली पायजे. आपल्याकडच्या साऱ्या पोरी असंच करतेत. जलमापासून हाती फुकनी, मंग बासरी देली तरी तिच्यात तोंड खुपसतेत."

राग यायला हवा होता. आला नाही. उलट ती बाकावर पुढे सरकली — याला येतं! ज्यासाठी दिवाळीची अख्खी सुट्टी तिनं अकोल्यात दार लावून रडून काढली होती, ते या आगाऊ माणसाला येतं!

"मंग कसं फुकू?" तिनं हळूच विचारलं.

"आंधी हातावर फुका. हवा गरम लागते का गार?"

"गरम."

"चूक. गार लागली पायजे. सीताफळाची बी थुकता ना? तसे ओठ करा. गाल नाई फुगवाचे. अन् हसू नका."

"मी कुठं हसून राहिली?"

"आता हसल्या."

सत्यवतीनं घाईघाईनं पिकोलो ओठाला लावला, सीताफळाची बी आठवली, आणि — कर्रकन एक सूर असा सुटला, की चहाच्या ठेल्यापाशी उभे असलेले एक फेटेवाले बाप्पा गार्डाची शिट्टी झाली समजून कप टाकून धावत डब्यात शिरले. मग ती हसली. तोही हसला. गाडी हलली तरी दोघांचं हसणं काही थांबेना.

त्याचं नाव देवमन. मोर्शीचा, अमरावतीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, आणि गावच्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे पिकोलो वाजवणारा. अमरावती येईपर्यंत सत्यवतीनं त्याला सगळं सांगून टाकलं. ती अध्यापिका विद्यालयात शिकत होती. तिथल्या बँडमध्ये पिकोलो वाजवणारी जयवंता लग्न होऊन अंजनगावला गेली. ड्रिलच्या गोदाबाईंनी विचारलं, पिकोलो कोणाला येतो? ढोलवाल्यांच्या मागच्या रांगेत उभं राहून कंटाळलेल्या सत्यवतीनं सरळ हात वर केला. येत तर सा सुद्धा नव्हता!

"सव्वीस जानेवारीले सुरुवातीची ओळ मले एकटीले वाजवाची हाये," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "बाबा अकोल्याहून येनार. त्याईनं साऱ्या आळीले सांगून ठेवलं, माही पोरगी बँडच्या पुढे चालते म्हनून. नाई वाजला त बाबाची मान खाली जाईन हो..."

देवमन आता हसत नव्हता. "मी शिकवतो," तो म्हणाला. "पन जे सांगीन ते करजा."

सत्यवती राहायची केशरबाई मावशीकडे. मावशीनं शिकवणीला परवानगी दिली ती एका अटीवर: शिकवणी अंगणात, आणि मावशी तूर निवडत समोर. पहिल्याच संध्याकाळी पिकोलोचा वरचा सूर ऐकून तिनं घरातला कापूस काढून दोन्ही कानांत बोळे घातले.

"बराबर केलं मावशी," देवमन म्हणाला. "तुमीही घाला हो सत्यवतीबाई. वरचे सूर वाजवताना कापूस पायजे, नाई त कान जातेत."

आता मावशीच्या कानांत कापूस. म्हणजे काय काय बोलता येतं, याचा शोध दोघांनाही त्याच संध्याकाळी लागला!

शिकवणी मात्र पक्की होती. देवमन तिला आधी पिकोलो हातातच घेऊ देईना. स्वतःची बांबूची बासरी देऊन म्हणायचा, रोज आधी हिच्यावर लांब लांब सूर धरा, एकाच श्वासात, न थरथरता. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. भोकावर बोटाचं टोक नको, गादी, म्हणजे पेराचा मऊ भाग ठेवा, आणि दाबू नका. मग पिकोलो, तोही थोडाच वेळ. "लहान वाद्याले जास्त हवा नाई लागत. बारीक अन् नेमकी लागते. ओठ दुखले की थांबजा. दुखऱ्या ओठानं शिकलं त चुकीचंच पक्कं होते."

समोर आरसा ठेवून ओठांमधली फट पाहायची, हा त्याचा आणखी एक नियम. आरशात सत्यवतीला ओठ दिसायचे आणि खांद्यामागून पाहणारा देवमनही दिसायचा. मग सूर हमखास फाटायचा.

"काय झालं?"

"काई नाई. आरसा हालला."

आरसा भिंतीला खिळ्यानं ठोकलेला होता.

महिना गेला, सूर गोड झाला, बोटं धावू लागली. अडलं एकाच जागी. सूर सुरू व्हायचा तोच ओला, पसरट. ओळ कशी खणखणीत उठायला हवी!

"जीभ नाई लावून राहिल्या तुमी," देवमन म्हणाला. "हरेक सूर जिभेनं सुरू होते. ‘तू’ म्हना. तू, तू, तू."

सत्यवती पिकोलो पुसत बसली.

"म्हना ना."

"...तुमी."

"तुमी नाई! ‘तू’! जीभ दाताले लागली पायजे."

तिचे कान लाल झाले. परक्या पुरुषाच्या डोळ्यांत पाहून तू म्हणायचं? मावशीनं आयुष्यभर नवऱ्याला कधी तू म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, लिंबाच्या झाडाला म्हणा. म्हटलं. मांजरीला म्हणा. तेही म्हटलं. पण तो समोर बसला, की जिभेची जागाच हरवायची, आणि पिकोलोतून पुन्हा ‘फू’.

परेड तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी देवमन आला तोच पडलेल्या चेहऱ्यानं. बासरी काढलीच नाही.

"रविवारी शेंदूरजनाघाटले जा लागते," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "पोरगी पाहाले. आईनं ठरवलं."

सत्यवतीनं पिकोलो बाजूला ठेवला. इतक्या दिवसांत तिनं मनातल्या मनातही जे म्हटलं नव्हतं, ते सगळं एकदम घशाशी आलं.

"तू जाशीन? तू? माह्यासमोर बसून सांगून राहिला तू? मंग जाय ना! तू जाय!"

मावशीनं कानातला एक बोळा काढला.

देवमन उठून उभा राहिला होता. डोळे मोठे, ओठ अर्धवट उघडे. "पुन्हा म्हना," तो कुजबुजला.

"तू!"

"हाच... हाच तू पिकोलोत घाला," तो म्हणाला, आणि चपला घालायचीही शुद्ध न राहता अनवाणी निघून गेला.

नंतर तो आलाच नाही. सत्यवती रोज बसली, रोज वाजवलं. प्रत्येक सुराला कडकडीत तू लावला. ओळ आता टाळी मारल्यासारखी उठत होती. मावशी म्हणाली, "लय ग्वाड झालं व माय." सत्यवतीला मात्र रडू फुटलं. तिला तो हवा होता. एवढं साधं होतं ते, आणि ते त्याला सांगायचं सोडून तिनं त्याला हाकलून दिलं होतं.

सव्वीस जानेवारीची सकाळ वऱ्हाडी थंडीनं कडक होती. मैदानाभोवती दोरी, दोरीपलीकडे माणसंच माणसं. पहिल्या रांगेत तिचे बाबा, जानराव, डोक्यावर धुतलेली टोपी, छाती पुढे. सत्यवतीनं पिकोलो ओठाला लावून हळूच एक सूर घेतला. सूर उतरला होता! गारठलेला पिकोलो बाकी बँडशी जुळेचना. गोदाबाईंची शिट्टी आता वाजणार...

तेवढ्यात दोरीपाशी कोणीतरी दोन्ही हात उंच केले. देवमन! त्यानं ओंजळ मिटून तोंडाशी धरली, मग छातीशी. तिला कळलं. पिकोलो मुठीत धरून तिनं भोकं बोटांनी झाकली, आवाज न करता आत ऊन श्वास सोडला, पुन्हा सोडला, शालीखाली पोटाशी घट्ट धरला. शिट्टी वाजली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत, आणि वाजवलं.

काय वाजलं म्हणून सांगावं! पहिलाच सूर मैदानाच्या पार टोकाला जाऊन आला. ढोल उठले, पाय उठले, आणि जानराव शेजारच्या अनोळखी माणसाला हलवून हलवून सांगत राहिले, "माही हाये थे! पुढची!"

कवायत संपली तशी ती पिकोलो हातात घेऊन दोरीकडे धावली. देवमनाशेजारी हिरव्या लुगड्यातल्या एक बाई उभ्या होत्या.

"शेंदूरजनाघाट?" तिनं धापा टाकत विचारलं.

"गेलोच नाई. मोर्शीले गेलो. आईले आनाले."

जानराव आणि केशरबाईही मागून पोचले. सत्यवतीनं मान खाली घातली. आता नाव-गाव विचारणार, चालून दाखव म्हणणार...

"मान वर कर पोरी," देवमनची आई, सुंदराबाई म्हणाल्या. "मले पाहाले आले तवा मी पाटावर अशीच खाली पाहून बसली होती. तुले थो पसंत हाये का म्हनून मले कोनी इचारलंच नाई. मी तुले पाहाले नाई आली. तूच याले पाहून घे. नीट पाह. मंग सांग."

सत्यवतीनं मान वर केली. विस्कटलेले केस पाहिले, सदरा पाहिला, घाबरलेले डोळे पाहिले. एरवी चुरूचुरू बोलणारा तो माणूस सदऱ्याची गुंडी चाळवत उभा होता.

"जरा फिर पाहू," ती म्हणाली.

"अवं, चारचौघात!" केशरबाई पुटपुटली.

देवमन फिरला.

"आता चालून दाखव."

तो चालला. चार पावलांत दोरीत पाय अडकून धडपडला, लोक खो खो हसले, आणि तो लालबुंद होऊन तिच्याकडे वळला. जानरावांनी लेकीकडे पाहिलं, ‘बोल’ म्हणून मान हलवली.

"बाबा," सत्यवती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगा मले पसंत हाये!"

दोरीत अडकलेला पाय सोडवायचं विसरून देवमन तसाच उभा राहिला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.