दहा मिनिटांची फरसबी

“माफ करा, पण... तुम्ही काहीतरी खाताय का?”

कंपनीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाच्या गळ्यात मोठे हेडफोन होते, हातात वही होती आणि चेहरा खोलीत डास शोधून दमलेल्या माणसासारखा झाला होता. तिच्या तोंडात नेमकी त्या क्षणी फरसबीची एक अख्खी शेंग होती. चावावी तर आवाज होणार, गिळावी तर घशात अडकणार. तिने ती गालात सारली आणि मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

“मग गालात काय आहे?”

“फरसबी,” ती कशीबशी म्हणाली, आणि नाइलाजाने चावली. कर्र!

“हाच! हाच तो आवाज!” तो एवढ्या आनंदाने ओरडला की कोपऱ्यात भांडी घासणाऱ्या मावशींनी नळ बंद केला. “सकाळपासून दर दहा-बारा मिनिटांनी... मला वाटलं, यंत्रातच काहीतरी तुटतंय!”

तो पलीकडच्या खोलीत बसायचा. कंपनी स्वयंपाकघरातली यंत्रं बनवायची, आणि नव्या एअर फ्रायरचा पंखा किती आवाज करतो हे मोजणं त्याचं काम होतं. त्याच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या होत्या, पण हवेचा पाइप मात्र दोन्ही खोल्यांतून गेलेला. त्या पाइपातून तिचं चावणं थेट त्याच्या हेडफोनमध्ये जाऊन पोहोचत होतं.

“मग मी काय करू? न चावता गिळू?” तिने कमरेवर हात ठेवले. “हे माझं काम आहे म्हटलं. यंत्राच्या खोक्यात जी पाककृतींची पुस्तिका जाते ना, ती मी लिहिते.”

“अरे वा! म्हणजे तुम्ही खाण्याचा पगार घेता?”

“आणि तुम्ही ऐकण्याचा!”

मावशी खुदकन हसल्या. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं बारसं करून टाकलं: कानसेन.

आता खरं सांगायचं तर, आपली ही मुलगी त्या दिवशी हसत असली तरी मनातून घाबरलेली होती. नोकरीला सहा महिने होत आले होते. ही पुस्तिका तिच्या वरिष्ठ मॅडमना पसंत पडली तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. चाळीस पानं झाली होती, फरसबीचं एकच पान राहिलं होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी तिला ताप आला, आणि जाताना तो तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, “येईल परत. आठवड्यात येईल, नाहीतर दोन-चार महिने लागतील.” दोन-चार महिने! जिला गोड आणि खारट यातला फरक कळत नाही, तिला पाककृती लिहायला कोण ठेवेल? तिने ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. जीभ गेली तरी कान शाबूत होते, म्हणून फरसबी कुरकुरीत झाली की नाही हे ती निदान आवाजावरून ठरवत होती.

राहता राहिलं मीठ. ते काही आवाज करत नाही.

“घ्या ना, तुम्हीही चाखा,” ती अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाली आणि ताटली पुढे केली. शेंगा अळणी तर होणार नाहीत ना, या धास्तीने तिने आज मीठ अर्ध्या चमच्यावरून एक चमचा केलं होतं. “मीठ कसं झालंय?”

त्याने शेंग तोंडात टाकली. चावली. थांबला. तिच्याकडे बघितलं... ती परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी डोळे मोठे करून बघत होती.

“छान,” तो म्हणाला. “अगदी बेताचं.”

तिचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच कागदावर लिहिलं: मीठ, एक लहान चमचा. तोवर तो माठाशी जाऊन दुसरा पेला पाणी पीत होता.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. “मी म्हटलं, भांडण्यापेक्षा वेळ ठरवून घेऊ. तुम्ही चावाल तेव्हा मी मोजणार नाही, मी मोजेन तेव्हा तुम्ही...”

“गालात ठेवेन.”

“तसं!”

मग तो ओट्याला टेकून उभा राहिला, जायचं नावच घेईना. ती शेंगांची टोकं मोडत होती, शिरा काढत होती. धुतलेली फरसबी तिने फडक्यावर पसरली आणि एकेक शेंग बाळाचं अंग पुसावं तशी पुसायला लागली.

“एवढी पुसायची?”

“ओली गेली की आत वाफ होते. मग भाजत नाही, नुसती उकडते. आणि टोपलीत गर्दी करायची नाही, एकच थर. शेंगेला शेंग लागली नाही पाहिजे.”

“फार कडक शिस्त आहे हो. शेजारी शेजारी उभंही राहायचं नाही?” असं म्हणत तो जरा जवळ सरकला.

“फरसबीने,” ती म्हणाली, आणि कान लाल झाल्याचं तिचं तिलाच जाणवलं.

चमचाभर तेल चोळून तिने टोपली आत सरकवली. पाच मिनिटांनी टोपली हलवायची, मग आणखी तीन, पाच की सात, ते आवाजावरून ठरवायचं. पंखा घुमायला लागला तसा त्याने माइक ओट्यावर ठेवला आणि आपले हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले. केस अडकले तेव्हा ते त्याने बोटाच्या टोकाने हळूच बाजूला केले... यंत्राच्या घरघरीत तिला आपल्याच काळजाची धडधड ऐकू यायला लागली. ती माइकमधून येत नव्हती, हे बरं होतं.

“आता चावा,” तो म्हणाला.

तिने आधी आठव्या मिनिटाला काढलेली शेंग चावली. आवाज आला, पण बोदा. बारा मिनिटांच्या शेंगेचा आवाज कोरडा, पाचोळ्यावर पाय पडावा तसा. आणि दहा मिनिटांची! एकच स्वच्छ, टणटणीत कर्र, आणि मागे थोडासा रस. दोघांनी एकदमच बोट वर केलं.

“हीच!”

“हीच!”

पुढचे दोन दिवस असेच गेले. तो यायचा, चावायचा, “छान” म्हणायचा आणि पाणी प्यायचा. एवढं पाणी पिणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता, पण तिला त्याचंही कौतुकच वाटलं. त्याचं हसणं, ऐकताना डोळे मिटणं, तिच्या हातातून टोपली घेताना “अहो, भाजेल” म्हणणं... ती त्याच्यात पार गुंतली होती आणि तिला ते माहीतही होतं. घरी आईने विचारलं, “काय गं, स्वतःशीच काय हसतेस?” तर ती म्हणाली, “फरसबी जमली.”

गुरुवारी दुपारी, म्हणजे मॅडमसमोर ताट ठेवायच्या आदल्या दिवशी, मावशींनी हात पुसले आणि ताटलीकडे बघितलं. मावशींना हिरव्या भाजीचं वावडं होतं. ताटात हिरवं दिसलं की त्यांचं जेवण संपायचं. “पण तुम्हा दोघांचं रोजचं कर्रकर्र ऐकून मलाच राहवेना बाई,” असं म्हणत त्यांनी एक शेंग तोंडात टाकली... आणि धावत जाऊन मोरीत थुंकली.

“अगं चिमणे, बरणी सांडली की काय? केवढं हे मीठ!”

“काहीतरीच काय, मावशी! ते तर रोज खातात. छान म्हणतात.”

“तो मेला समुद्राचं पाणीही छान म्हणेल. तुझ्याकडे बघत खातो तो. त्याला कसली चव कळतेय!”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पान लिहून झालं होतं, चमच्यासकट. ती तशीच पलीकडच्या खोलीत शिरली.

“चार दिवस!” ती ओरडली. पण त्या खोलीत भिंती आवाज पिऊन टाकायच्या. तिचं ओरडणं तोंडातून निघता निघताच मऊ पडलं. त्यामुळे ती आणखीच चिडली. “चार दिवस खारट खाल्लंत आणि छान म्हणालात? या खोलीत तर मेलं धड भांडताही येत नाही!”

त्याने हेडफोन काढले. चेहरा पार उतरला होता.

“पहिल्या दिवशी तुम्ही इतक्या आशेने बघत होतात... मला नाही म्हणवेना. वाटलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच कमी कराल. तुम्ही केलं नाहीत. मग खरं सांगावं तर पहिलं खोटं उघडं पडणार. म्हणून पाणी पीत राहिलो.”

“मी कमी करणार कशी? मला चवच कळत नाही!”

ते तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने सगळंच सांगितलं. ताप, डॉक्टर, नोकरी, सकाळी उठल्यावर चहाच्या पहिल्या घोटाला वाटणारी भीती. “मला तुमच्या ‘छान’चाच आधार होता,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “तुम्ही माझी जीभ होतात. आणि तीच खोटं बोलली.”

तो उठला.

“चला. पुसायला फडकं द्या मला.”

त्या दुपारी त्याने पाच ताटल्या चाखल्या. “खारट. अजूनही खारट... आता अळणी. किंचित वाढवा. थांबा... हां!” चौथ्या ताटलीला त्याने तोंड एवढं वाकडं केलं की ती रडता रडता हसली. पाव चमचा आणि वर एक चिमूट, असा हिशोब ठरला. तिने कागदावरचा एक चमचा खोडला.

“मी उद्या मॅडमना सांगणार आहे,” ती म्हणाली. “माझ्या चवीचं.”

“का? आता तर पान बरोबर झालंय. गप्प राहिलात तर...”

“गप्प राहिलं की काय होतं, ते बघितलंय मी आज.”

त्याने मान खाली घातली.

शुक्रवारी मॅडमनी तीन शेंगा खाल्ल्या. चौथी उचलली. “आवाज तर खणखणीत. मीठही नेमकं. शाबास!” एवढ्यावर सुटता आलं असतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला.

“बाकीची पानं?”

“तापाच्या आधीची. हे एकच...”

“आपण जेवढं लिहितो तेवढं मीठ लोक डोळे मिटून घालतात. हे लक्षात आहे ना?” मॅडमचा आवाज चढला नाही, पण तिला घाम फुटला. “मी रागावलेय. तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंत तर कुणीतरी दिलं असतं चाखायला, एवढं काय त्यात! पण आज कुणी विचारलं नसताना सांगितलंत. नोकरी पक्की करते, एका अटीवर. चव परत येईपर्यंत प्रत्येक ताटली दुसऱ्या कुणीतरी चाखायची आणि मत स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं. आहे का कुणी विश्वासातलं?”

“आहे,” ती म्हणाली. “नवीनच विश्वास आहे.”

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं, तरी तिने सांगितलं आणि त्याने सगळं पुन्हा ऐकून घेतलं.

“म्हणजे आता मला खरं लेखी द्यावं लागणार,” तो म्हणाला. मग जरा थांबला. “एक खरं तोंडी सांगू? मला तुम्ही... मला तू आवडतेस. फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून.”

“माहीत आहे. त्याशिवाय एवढं मीठ कोण खाईल?” तिच्या गालांवर हसू मावेना. “मलाही तू आवडतोस. तुझा राग आला होता, तेव्हाही आवडत होतास. त्याचाच जास्त राग आला.”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला.

“आणि चव परत आली की? मग माझं काम काय?”

“मग मी तुझ्या हातचं जेवायला येईन.”

“मला काही म्हणजे काही करता येत नाही गं. सगळं बिघडेल.”

“बिघडू दे. पानातलं सगळं संपवेन मी,” तिने त्याचा हात हातात घेतला, “पण पहिल्या घासालाच सांगेन.”