बेचाळीस मिलिमीटर

खरं तर उस्मानाबादच्या कचेरीतला तो फोन दुसऱ्याच बाबूनं उचलायचा. पण तो रजेवर होता, आणि जूनच्या एका सकाळी जळकोटच्या अयोध्याच्या कानावर शांतलिंगचा आवाज पडला. ती शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक रोज साडेआठला मोजायची आणि ग्रामपंचायतीतून उस्मानाबादला आकडा कळवायची. तिकडं तो कॉम्प्युटरवर सगळ्या गावांचे आकडे टाकायचा नि बाराच्या ठोक्याला टेलिफोनच्या तारेतून थेट पुण्याच्या यंत्रात सोडायचा. दोन महिन्यांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. बोलणं मात्र...

“आज किती?”

“शून्य.”

“आणि हसू?”

“ते तुमच्या यंत्रात मावायचं न्हाय!”

साल सत्त्याऐंशीचं. पाऊस बेपत्ता, गाव टँकरवर. चाळीसच्या वर आकडा गेला की पुण्याचं यंत्र त्या गावाचं नाव टँकरच्या यादीतून काढायचं.

आणि ऑगस्टातल्या त्या सकाळी मापकात चक्क बेचाळीस मिलिमीटर! आवारात ओल नव्हती. रात्री आपण झोपेत असताना पडला असेल, तहानलेल्या मातीनं पिऊन टाकला असेल, असं अयोध्यानं स्वतःला समजावलं. घाईघाईनं आकडा सांगून तिनं फोन ठेवला.

घरी आई हरणाबाई वाटच बघत होती. “पोचलं का गं देवाला? पहाटं म्या तुझ्या त्या भांड्यात तांब्याभर पाणी घातलं. सरकारी असलं म्हणून काय झालं, पावसाचंच ठाणं न्हवं का ते!”

“आई! अगं, काय केलंस हे!”

ती पळत फोनकडं गेली, तर फोन मुका. मग एसटी, तुळजापूरला दुसरी एसटी. सारी वाट जीव टांगणीला. गावाचं पाणी तुटणार, तेही आपल्यामुळं... आणि शांतलिंग? तो पुन्हा बोलेल तरी का?

बाराला पाच कमी असताना ती धापा टाकत उस्मानाबादच्या कचेरीच्या दारात पोचली. आत साहेब एका चष्मेवाल्या तरुणावर ओरडत होते, “जळकोटचा आकडा अजून का टाकला नाही?”

“शून्य! शून्य टाका हो... आईनं पाणी ओतलं होतं!”

आवाज ओळखून तरुण गर्रकन वळला. मग त्यानं शून्य टाकलं नि आकडे रवाना केले. साहेब पुटपुटत निघून गेले. टँकर वाचला.

“तुम्ही... सकाळचा आकडा टाकलाच न्हाय?”

“न्हाय.”

“का?”

“खरा पाऊस पडला असता, तर तुम्ही आधी मला पाऊस सांगितला असता. चिखल, वास, कोण कोण भिजलं... आकडा मागून. आज नुसता आकडा आला. तीनदा फोन लावला, लागंना. लई घोर लागला जिवाला.”

“टँकरचा?”

“तुमचा.”

अयोध्यानं पदरानं तोंड पुसलं.

“परतीची गाडी कितीला?” त्यानं हळूच विचारलं.

“साडेबाराला.”

“चुकली तर?”

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं डोळे भरून पाहिलं.

“चुकू द्या,” ती म्हणाली.