विठामावशीच्या खोलीतली शांतता

"शॉट संपला की कोणी हलायचं नाही. तोंड बंद. रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची. ती विकत मिळत नाही."

हा आवाज यज्ञेशच्या क्लासमधल्या सरांचा. मोबाइलवर सिनेमा कसा काढावा ते हे सर ऑनलाइन शिकवत. यज्ञेश त्यांचे व्हिडिओ एवढ्या मोठ्याने लावायचा, की भाजी निवडता निवडता त्याच्या आईला, कुंदाताईंना, ही वाक्यं पोथीसारखी पाठ झाली होती.

पुढे जे घडलं ते जसंच्या तसं सांगते आहे. गेल्या मार्गशीर्षातलं, बदलापूरचं. कुंदाताई आजही हेंद्रेपाड्यात राहतात आणि मीठमसाला लावून बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही.

यज्ञेशबद्दल काय सांगावं. अंबरनाथच्या कारखान्यातली बरी नोकरी त्याने सोडली, कारण ती म्हणे क्रिएटिव्ह माणसाला सूट होत नव्हती. उल्हासनगरच्या बाजारातून कॉलरला लावायचा माइक आणला, मोबाइल न हलता धरणारी काठी आणली आणि साहेब दिग्दर्शक झाले. गळका नळ शूट केला. बापाच्या चपला शूट केल्या. बापाचं घोरणं तर तऱ्हेतऱ्हेच्या अँगलने. रोज काहीतरी शूट केलं की नजर तयार होते म्हणे. घरातलं पीठ संपलंय, हे मात्र त्या तयार नजरेला कधी दिसलं नाही.

त्याच महिन्यात बदलापूरच्या जुन्या गावात कुंदाताईंची विठामावशी गेली.

म्हातारीने जिथे प्राण सोडला तिथे दक्षिणेकडे ज्योत करून दिवा ठेवला होता. गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. कोणी ना कोणी तेल घालायला जवळ बसतं.

मावशीचा मुलगा कमळाकर घरच्यांना घेऊन अस्थी विसर्जनासाठी नाशिकला निघाला. दिवसभर दिव्यापाशी कुंदाताईंनी बसायचं ठरलं. पण नेमका गुरुवार. घरी महालक्ष्मीचा घट मांडलेला, कहाणी वाचायची राहिलेली.

"तू पूजा कर आई. मी बसतो ना दिव्याजवळ," यज्ञेश म्हणाला.

देवापुढे कधी हात न जोडणारा मुलगा. कुंदाताईंना भरून आलं.

कमळाकरची मंडळी आल्यावर, दिवेलागणीला तो परतला तो खुशीतच. मोबाइल आईपुढे धरला. रिकामी खोली, कोपऱ्यात म्हातारीची काठी, जमिनीवर दिवा. शॉर्टफिल्म झाली समज, म्हणाला.

कुंदाताई बघत राहिल्या. काहीतरी चुकत होतं...

ज्योत हलत नव्हती.

मग त्याने सांगितलं, अगदी सहज. खरी ज्योत हलली की मोबाइल चित्र आपोआप कमीजास्त उजळ करतो. शॉट वाया जातो. म्हणून त्याने फुंकर मारून दिवा विझवला आणि तिथे दिवाळीतला बॅटरीवरचा प्लास्टिकचा दिवा ठेवला. शूट झाल्यावर खरा पुन्हा पेटवला.

"किसको पता चला? थोड्या वेळाचा तर प्रश्न होता."

फुंकर मारून, एवढंच कुंदाताईंच्या कानात राहिलं.

"आता शांतता ऐक," म्हणत त्याने त्यांच्या कानात इअरफोन घातले.

आधी काहीच नाही.

खरंच काहीच नाही... मावशीच्या दाराशी कोंबड्या असतात, समोरून रिक्षा जातात. त्यातलं काहीही नव्हतं.

मग...

भिंतीवरून तळहात फिरल्याचा आवाज. खरखरीत, म्हातारा हात. सरकायचा. थांबायचा. पुन्हा सरकायचा.

काठी पडली.

आणि मग... अगदी माइकजवळ...

"कमळ्या, अंधार का केलास रे?"

कुंदाताईंनी इअरफोन ओढून काढले. यज्ञेशने तोच तुकडा पुन्हा ऐकला. पुन्हा एकदा ऐकला. आणि चक्क हसला.

"भारी आहे ना? साला, असला साउंड पैसे देऊन नाही मिळत."

"ती वाट शोधतेय, यज्ञेश."

"शेजारची कोणी म्हातारी असेल गं. तू पण ना."

तो आवाज त्याने फिल्ममध्ये घातला. क्लासमध्ये कौतुक झालं. सरांनी सगळ्यांना हेडफोन लावून ऐकायला सांगितलं म्हणे. एक गेलेली बाई अंधारात चाचपडत होती आणि या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे सरावासाठी त्याने आपल्याच स्वयंपाकघराची शांतता रेकॉर्ड केली.

तिथेही... तो हात होता.

आता ओट्याच्या टाइल्सवरून. मग डब्यांवरून. एखादा डबा वाजला की हात दचकून थांबायचा.

ओट्यापाशी कोणी नव्हतं.

त्याने ते पुसून टाकलं. पॅसेजमध्ये घेतलं... तोच हात. बेडरूममध्ये घेतलं... तोच हात, उशाकडच्या भिंतीवर.

त्या दिवसापासून दिग्दर्शकांना शांतता सोसेना. टीव्ही चालू, पंखा चालू, कानात गाणी. सरांचे व्हिडिओ बंद. आईला सगळं सांगितलं आणि तिच्याजवळ अंथरूण घालून झोपू लागले.

दहाव्या दिवशी नदीवर पिंडाला कावळा शिवेना. कमळाकरने सुचेल ते कबूल केलं. बहिणीचं माहेरपण करीन, गाय विकणार नाही. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

परतताना कमळाकर रडत होता. "कुंदाताई, आईचं काय राहिलं असेल गं?"

कुंदाताईंना ठाऊक होतं. मावशी नदीवर आलीच नव्हती. कशी येणार...

घरी आल्या, अंघोळ केली, आणि त्यांनी टीव्ही बंद केला. पंखा बंद केला.

"आई, नको ना," यज्ञेश म्हणाला.

त्यांनी त्याचा मोबाइल घेऊन ओट्यावर ठेवला आणि लाल बटण दाबलं.

"मावशी, मी कुंदा. तू माझ्या घरात आहेस. भिंत चाचपू नकोस आता. दिवेलागणीला मी दिवा घेऊन पुढे चालते, तू मागून ये. तुझ्या दारात पोचेपर्यंत मी तो विझू देणार नाही. शब्द देते."

अर्धा मिनिट थांबल्या. मग ऐकलं.

आधी त्यांचाच आवाज. त्याच्या मागे, टाइल्सवरून सरकणारा हात.

हात थांबला.

मग... एक लांब श्वास. गुडघे वाजले. कोणीतरी जमिनीवर टेकून बसलं.

वाट बघत.

दिवेलागणीला कुंदाताईंनी माळ्यावरचा कंदील काढला, काच पुसली, वात पेटवली. पदर खोचला. यज्ञेश दाराच्या आत उभा होता, बाहेर यायची हिंमत नव्हती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गेटपाशी रिक्षावाल्याने विचारलं, "गावात का काकू? बसा."

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. कंदील खाली, पावलांजवळ धरला आणि चालायला लागल्या. मागे वळून बघायचं नव्हतं.

कंपाउंडची भिंत संपते त्या कोपऱ्यावर त्या थोड्या थांबल्या.

मागून... खरखर ऐकू आली. सावकाश. मग तीही कोपऱ्यावरून वळली.

कुंदाताईंनी वात थोडी मोठी केली, आणि पुढचं पाऊल टाकलं.