दुपट्ट्याखालचा सौदा

मारोतराव बोकारेंनी चाळीस वर्षं संत्र्यांची दलाली केली. त्यामुळे फळ आणि माणूस ते एकाच रीतीनं पारखत. आधी अंगठ्यानं दाबून पाहायचं, मग वास घ्यायचा, आणि विकणारा काय बोलतो तिकडे कान द्यायचा नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी जुनी मोटार घ्यायचं काढलं, तेव्हा महाल पेठेतले लोक म्हणाले, बायको गेल्यापासून म्हातारा बिघडला. लोकांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

रुख्मिणीबाईंनी उभ्या संसारात नवऱ्याजवळ एकच महागाची गोष्ट मागितली होती. "एकडाव मोटारीत बसवून रामटेकले न्या ना जी. कामठीच्या सडकेनं, भुर्रकन." मारोतराव म्हणत, "औंदा भाव पडले. पुढच्या साली पाहू." भाव चढले त्या सालीही उत्तर हेच असे. छत्तीस सालच्या दसऱ्याला बाई गेल्या, आणि पुढचं साल म्हणजे किती लांब असतं ते मारोतरावांना पहिल्यांदा कळलं.

तरी सौदा तो सौदा. त्याच सालच्या डिसेंबरात धरमपेठेत एक मोटार निघाली, तेव्हा ते आपल्या नियमानं गेले. मालकाच्या दारात, सकाळच्या उजेडात, आपला मिस्त्री बरोबर घेऊन, आणि कागद पाहिल्याशिवाय इसाराचा रुपयाही न देता. मिस्त्री होता सीताबर्डीचा अनंत. मालक चंद्रभान दाणी, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, घरात एकटे. मोटार कापडी टपाची, हिरवी, टिनाच्या शेडमध्ये उभी.

अनंतनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "गाडी थंडी आहे. चांगलं झालं. काही लोक गिऱ्हाइकाच्या आधीच गरम करून ठेवतात, मंग पयल्या हँडलले सुरू होते."

"मी काहून लपवू?" चंद्रभान म्हणाले. "टप गळतो. भोंग्याचा आवाज बसला आहे. आणखी एक खोड आहे, ती सांगतो मागाहून."

इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळला. हँडल तिसऱ्या फेरीला लागलं. अनंत मागे जाऊन वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"डाव्या अंगाचा चाकावरचा कमानपाटा दबला आहे जी. मागे डावीकडे कोणीतरी रोज बसते."

"एकटेच राहता म्हणाले ना तुम्ही?" मारोतरावांनी विचारलं.

चंद्रभान चष्मा पुसत राहिले.

मारोतरावांनी मागचं डावं दार उघडलं आणि गादीवर अंगठा दाबला. शेडमध्ये ऊन आलेलं नव्हतं. पत्र्यावर दव होतं. गादी मात्र कोमट होती, जसं कोणी आत्ताच उठून गेलं असावं. त्यांनी वाकून वास घेतला.

वाळवलेल्या संत्र्याच्या साली. सगळा महाल लुगड्यांच्या पेटीत कापूर टाकी, रुख्मिणीबाई साली टाकत.

"इथं कोण बसते?"

"आधी माझी आई बसायची," चंद्रभान म्हणाले. "वारल्यानंतर. हसायचं असेल तर हसून घ्या. रोज फिरवून आणायचो. बरं वाटायचं. पुढे वाटलं, तिला भंडाऱ्याचं माहेर पाहायचं होतं, तेवढं तरी दाखवावं. नेलं. दारापाशी गाडी थांबवली, मागचं दार वाजलं. येताना गादी थंड. त्यानंतर आई आली नाही."

"मंग हे?"

"हे दसऱ्यापासून. हे माझं माणूस नाही, मारोतराव. म्हणून विकून राहिलो."

गिऱ्हाइकाला गोष्टी सांगून भाव चढवणारे मारोतरावांनी ढिगानं पाहिले होते. पण त्या गोष्टींत माल चांगला असतो. हा तर मालातली खोट सांगत होता.

"काय घेता?"

"चारशे."

मारोतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून बॉनेटवर पसरला. संत्रामार्केटात भाव तोंडानं बोलत नाहीत. कपड्याखाली हात घालायचा. एक बोट दाबलं की शंभर, दोन दाबली की दोनशे. आणि सौदा पटला की समोरच्यानं सगळा पंजा मुठीत धरायचा. एकदा पंजा धरला की मागे फिरणं नाही. रुख्मिणीबाईंनी ही विद्या घरात आणली होती. पंगतीला पाहुणे असले की वाढता वाढता पदराआड नवऱ्याची बोटं दाबत. दोन दाबली म्हणजे दोनच पोळ्या उरल्या, आग्रह आवरा. मारोतराव लगेच पाहुण्याला सुपारी विचारत. बाईंच्या त्या हाताच्या करंगळीचं एक पेर लग्नाच्या सालीच विळीवर गेलं होतं.

चंद्रभानांनी हसत कपड्याखाली हात दिला. मारोतरावांनी दोन बोटं दाबली. उत्तर यायला वेळ लागला. मग एक, दोन, तीन, चार बोटं हळूहळू दाबली गेली आणि सगळा पंजा मुठीत आला. ऊबदार, जरा खरबरीत मूठ. करंगळी आखूड.

मारोतरावांनी वर पाहिलं. चंद्रभान दोन्ही हातांनी कानांवर चष्मा चढवत होते.

"काय ठरलं जी?" अनंतनं विचारलं.

"चारशे," मारोतराव म्हणाले. मागितलेली किंमत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दिली.

कागदावर सही करताना चंद्रभान हळूच बोलले, "जिथं जायचं त्या माणसाच्या मनात असेल, तिथं नेऊ नका. पस्तावाल."

मारोतराव पंधरा दिवसांत हाकायला शिकले. अनंत लोकांना सांगे, "म्हातारा वळणावर बैलाले बोलते तसा मोटारीले बोलते." रोज दुपार कलली की ते निघत. सीताबर्डी, अंबाझरीचा तलाव, मग सदर बाजार. मागे वळून पाहत नसत. जे बोलायचं ते समोर पाहून बोलत. आज कोणाचा माल सडका निघाला, कोण दलाल बुडाला, तुझ्या तुळशीला पाणी घातलं. घरी पोचलं की उतरून मागच्या गादीवर हात ठेवत. ऊब असे. तेवढ्यावर रात्र निघे.

कामठीच्या सडकेचा नाका आला की मात्र ते मुकाट्यानं गाडी फिरवत. रामटेक तिकडेच होतं. दरवर्षी पुढच्या सालावर टाकलेलं ते देवदर्शन आता त्यांना खिशात जपून ठेवायचं होतं. त्यांना कळत होतं की आधी तिला पैशासाठी फसवलं आणि आता जवळ राहावी म्हणून फसवतो आहोत. कळून गाडी फिरवत.

संक्रांतीनंतर एका दिवशी, नाक्यावर गाडी वळवताना, डाव्या खांद्यावर एक बोट दाबलं गेलं.

 मारोतरावांचे डोळे भरून आले. सौद्यानंतर पहिल्यांदाच.

"औंदा नाही वं," ते म्हणाले. "पुढच्या साली."

आठवड्यानं दोन बोटं. होळीच्या सुमाराला तीन. ते रागानं दाबल्यासारखं नव्हतं. पंगतीत दाबायची तसंच, कोणाला दिसू नये असं.

पाडव्याला चार.

"चार झाले," मारोतराव समोर पाहत म्हणाले. "आता आणखी किती चढशील? ह्या जिवाशिवाय माझ्याजवळ काय आहे दुसरं द्यायले?"

मागून सालींचा वास तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. नाक्यावर टांगे उभे होते, एक बाई टोपलीतून संत्री विकत होती. मारोतरावांनी गाडी थांबवली. सरळ सडक पाहिली, दोन्ही बाजूंचे कडुनिंब पाहिले. 

मग नेहमीसारखी घराकडे फिरवली.

खांद्यावर हात आला. एक बोट नाही, चार नाहीत. सगळा खांदाच मुठीत धरला, सौदा पटल्यावर पंजा धरतात तसा. ऊबदार. आखूड करंगळीसकट.

वाटभर हात तसाच राहिला.  मारोतरावांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर ते उतरले. मागचं डावं दार उघडून गादीवर हात ठेवला. ऊब होती.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुढच्या गादीवरही अंगठा दाबून पाहिला, जिथून ते आत्ताच उठले होते.

ती थंडगार होती.