उघडं राहिलेलं झाकण

खतखड्ड्यावर बदली झालेला माळी गुलाबांकडे कशाला फिरकेल, असं मनाशी धरून ती भर दुपारी बागेत शिरली आणि नेमकी त्याच्याच पुढ्यात येऊन उभी राहिली. जेवणाची सुट्टी सोडून तो आपल्या जुन्या ओळीला पाणी घालत होता.

"या, बर्फवाली बाई! चार महिन्यांनी?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बर्फाचा डबा तिने उगाचच या हातातून त्या हातात घेतला.

तिचं संशोधन गुलाबाच्या पानांवर. ऊन तापलं, थंडी बोचू लागली, की झाड स्वतःला जपायला पानातली काही एन्झाइम्स कमीजास्त करतं. ती दर ऋतूत मोजायची. पान तोडलं की लगेच बर्फात, नाहीतर मेहनत पाण्यात. हिवाळ्यात ती तशी गेलीच, आणि मार्गदर्शक सरांनी विचारल्यावर ही बेधडक म्हणाली, "माळ्याने आधीच छाटणी केली." छाटणी त्याने हिने पानं तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी केली होती, तीही हिला विचारून! बिचारा बोलणी खाऊन खतखड्ड्यावर गेला, पण उलट एक शब्द बोलला नाही. त्या गप्प बसण्यानेच तिची झोप उडाली होती.

"मी... आज सरांना खरं सांगितलं," ती मान खाली घालून म्हणाली. "पानं मी तोडली होती. बर्फ वितळला. उद्यापासून तुम्ही परत इकडे."

"थंडीत बर्फ वितळला?"

"डबा उन्हात होता. झाकण उघडं... दोन तास."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

तिचे कान तापले. "इथेच. तुम्ही कलम बांधून दाखवत होतात. मी बघत होते – कलमाकडे नाही."

माळ्याच्या हातातली नळी एकाच आळ्यात वाहत राहिली. पाणी त्याच्या चपलांपर्यंत आलं.

"हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर बोलणी हसत खाल्ली असती."

"थट्टा नका करू. लाज वाटते हो मला... फार."

"वाटू दे थोडी. मीही दोन महिने रागात होतो." मग हळूच, "आता डिग्रीचं?"

"अजून एक हिवाळा मोजावा लागेल."

"म्हणजे वर्षभर येणार."

"येऊ?"

त्याने तिच्या हातातला डबा घेतला, झाकण दाबून बसवलं आणि सावलीत नेऊन ठेवला.

"हं," परत येऊन तिच्यासमोर उभा राहत तो म्हणाला, "आता बघा. हवं तेवढं."