माणशी एक पान

रविवारी कोणी कामाला जुंपलेलं दौलतरावांना मुळीच खपत नसे. पण त्या रविवारी ते सकाळी सातलाच इस्त्रीचा कोट घालून टिअर्नी साहेबाच्या बंगल्यापुढे हजर झाले. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता. साहेब तिथला मुख्य इंजिनिअर आणि दौलतराव हंगामी मोजणीदार. त्यांना कायम करण्याची शिफारस टाइप होऊन साहेबाच्या खिशात होती, सही तेवढी राहिली होती. आज फिरायला चल, तिकडेच निवांत सही करतो, असं साहेब म्हणाला होता. एका सहीसाठी असल्या गाढवाबरोबर रानोमाळ हिंडायचं, दुसरं काय.

तारीख सतरा मार्च. साहेब आयर्लंडचा. त्याच्या मुलखात त्या दिवशी कुठल्याशा संताचा सण असतो, आणि चांगली शिकलेली माणसं छातीवर तिपानी पाला खोचून मिरवतात म्हणे. इथे तो पाला मिळेना, म्हणून या गृहस्थाने नळाजवळची तसल्याच तीन पानांची आंबुशी उपटून कोटाला लावली होती. हसू दाबता दाबता दौलतरावांची पुरेवाट झाली.

मोटार भिमाजी चालवत होता. तो चाकणपलीकडच्या एका वाडीचा. दौलतरावांच्या खिजगणतीत असली माणसं नसत. तशी फारच थोडी माणसं असत. घरी शालनबाईंनाही त्यांनी बजावून ठेवलं होतं, मी येईपर्यंत जेवायचं नाही, मग किती का वाजेनात. बायकोला वळण लावावं लागतं, असं ते चारचौघांत सांगत.

भोसरी मागे पडली. मोशीला इंद्रायणीत म्हशी डुंबत होत्या. रस्त्याकडेला शिमग्याची राख अजून तशीच होती, बांधाबांधाने पळस फुलला होता, आणि साहेब दर फर्लांगाला मान बाहेर काढून वाहवा करत होता. दौलतरावांना ढेकळं आणि बाभळी दिसत होत्या. चाकण ओलांडून भिमाजीने गाडी वाडीच्या कच्च्या वाटेला घातली आणि एका कडुलिंबाखाली थांबवली. बुंध्याशी एक साधा दगड होता, शेंदूरसुद्धा नसलेला. त्याच्यावर ओल्या-सुक्या पानांचा गुडघाभर ढीग.

"ही आमची शीव हाय," भिमाजी म्हणाला. "आत जाणाऱ्यानं एक पान वाहायचं. माणशी एक."

दौलतरावांनी तोंड वाकडं करून ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब हरखला. आमच्याकडेही अशी झाडं आहेत म्हणाला, आणि कोटावरची आंबुशी काढून त्याने हळूच ढिगावर ठेवली. भिमाजीने लिंबाचं पान ठेवलं.

"रावसाहेब, तुमी?"

"नाही वाहिलं तर काय होतं?"

"काय न्हाई. देव त्याला माणसांत मोजत न्हाई, एवढंच."

मोजणी हे माझं खातं आहे, दगडाचं नव्हे, असं सुनावून दौलतराव गाडीत जाऊन बसले.

वाडीत भिमाजीची आत्या, रतनबाई, होती. तिने अंगणात दोन घोंगड्या अंथरल्या. ताकाचे पेले आणले, तेही दोनच. अडाणी बाई, दौलतराव मनात म्हणाले, आणि ओट्याच्या कडेला टेकले. आपला पेला त्यांनी मागितला. तिने मान वर केली नाही. दोनदा मागितला तरी नाही.

साहेबाने समोरच्या डोंगराचं नाव विचारलं. दौलतराव इंग्रजीत सांगू लागले, तर भिमाजी आधीच हातवारे करून उत्तर देत होता आणि साहेब हसत होता. मध्ये बोलायला कोणी जागाच सोडेना. दौलतराव संतापून उठले. वाटेत कुत्रं पडलं होतं. त्याला त्यांनी लाथ घातली. कुत्र्याने कानही हलवला नाही.

मग साहेबाने खिशातून तो कागद काढला. त्यावरचं नाव त्याने मोठ्याने वाचलं, अनोळखी गावाची पाटी वाचावी तसं. कागद उलटून पाहिला. रतनबाईला शेंगा आणि गूळ बांधून द्यायला काही हवं होतं. साहेबाने कागद तिच्यापुढे धरला.

"साहेब, तो माझा आहे."

रतनबाईने पुडी बांधली.

"माझा आहे तो," दौलतराव ओरडले.

भिमाजीने पुडी साहेबाच्या हातात दिली.

परतताना गाडी शिवेवर थांबली. दौलतराव धावत लिंबापाशी गेले. पान तोडून दगडावर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. वारा नव्हता. दुसरं ठेवलं, मग ओंजळभर ठेवली. एकही टिकेना.

साहेबाची आंबुशी तिथेच होती, टवटवीत.

मागे मोटार सुरू झाली. दौलतराव कसेबसे दार गाठून आत चढले. पुढे दोघं गूळ खात होते.

तीन वाजले असतील. घराचं दार उघडंच होतं. दौलतरावांनी उंबऱ्यातून हाक मारली, मग आत जाऊन मारली.

शालनबाई चुलीपाशी बसून जेवत होत्या. घाई नव्हती, दाराकडे नजर नव्हती. भांड्यातला उरलेला सगळा भात त्यांनी आपल्या ताटात वाढून घेतला, वर तूप घेतलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. इतक्या सुखाने जेवताना दौलतरावांनी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.